ऑर्विनच्या ट्रेलरचं वजन

आमच्या केलर गावात ऑर्विन हॉफर्टसारखा काटेवाला झाला नाही आणि होणारही नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, नसता तरी हेच सांगितलं असतं. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे बोलतो तसंच लिहितोय. कुणाला चुका सापडल्या तर त्याने त्या आपल्यापाशीच ठेवाव्यात.

गावाच्या कडेला, रुळांना लागून, सोसायटीचं धान्याचं कोठार आहे. त्याच्या दारात जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा. मक्याने भरलेला ट्रक त्यावर चढवायचा, वजन करायचं, आत जाऊन मका ओतायचा आणि रिकामा ट्रक परत चढवायचा. दोन वजनांची वजाबाकी केली की तुमचं पीक. पण त्यात एक गोम आहे. भरल्या ट्रकात ड्रायव्हर बसलेला असला आणि रिकाम्याच्या वेळी खाली उतरून उभा असला, तर त्या गड्याचं वजन मका म्हणून मोजलं जातं. म्हणून काटेवाला खिडकीतून डोकं काढून दर वेळी विचारतो, “आत की बाहेर?”

ऑर्विनने जन्मभर हे विचारलं. पाद्रीबाबांना विचारलं. मला, सख्ख्या थोरल्या भावाला, विचारलं. एकदा मी म्हणालो, “अरे डोळे फुटले का? दिसतोय ना मी आत बसलेला?” तर म्हणतो, “दिसतोस दादा, पण तू तोंडाने सांग.” असा माणूस. त्याच्या काट्यावर कुणाचा दाणा इकडचा तिकडे झाला नाही. हॉफर्ट नाव आहे आमचं, गंमत नाही.

वजनाची देणगी त्याला पोरवयापासूनच. जत्रेत डुक्कर बघून वजन सांगायचं बक्षीस आमच्याच घरी यायचं. आर्डिसबरोबर पहिल्यांदा नाचला तेव्हा नाच संपल्यावर त्याने तिला तिचं वजन सांगितलं. थोबाडीत खाल्ली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

त्या आर्डिसमुळेच ट्रेलरची गोष्ट निघाली. तिची छाती आधीपासूनच नाजूक, त्यात इथली धूळ आणि इथली थंडी. गेला हिवाळा तिने खुर्चीत बसून काढला, कारण आडवं झालं की दम कोंडायचा. डॉक्टरांनी ऑर्विनला बाहेर बोलावून सांगितलं, इथे अजून एक हिवाळा काढलात तर मी काही बोलू शकत नाही. कोरड्या हवेत न्या. म्हणजे दक्षिणेला, ॲरिझोनाच्या वाळवंटात. तिथे हिवाळाभर लोक ट्रेलर उभे करून राहतात. हॉटेलात हिवाळा काढण्याएवढे आम्ही कोणी लागून गेलो नाही. ऑर्विन त्याच उन्हाळ्यात कामावरून निवृत्त झाला होता. ट्रेलर घ्यायचा, बर्फ पडायच्या आत निघायचं, असं ठरलं.

ओढायला गाडी होती वडिलांचा जुना निळा पिकअप. मी म्हणालो, “माझा मोठा डिझेल पिकअप घेऊन जा.”

“मग तुझ्या गुरांना बर्फात वैरण काय पाठीवर नेणार?”

“नेईन की. अजून ताकद आहे.”

“आहे. पण गुरं हसतील.”

संपला विषय. मग मी त्याला ट्रेलरच्या दुकानात घेऊन गेलो. एक होता, काय सांगू, पांढराशुभ्र, लांबलचक, आत सोफा, शेगडी, न्हाणीघर. मी म्हणालो, “हा घे. आर्डिसला राणीसारखं वाटेल. वडिलांचा पिकअप हा सहज ओढेल.”

“ओढेल, दादा. मला काळजी आहे ती थांबवण्याची.”

आणि तो पिकअपचं दार उघडून चौकटीवरची जुनी पट्टी वाचत बसला. गाडी, माणसं, सामान सगळं धरून जास्तीत जास्त किती वजन झालेलं चालेल, ते त्या पट्टीवर असतं. बहुतेक लोक ‘केवढं ओढते’ एवढंच बघतात आणि छाती फुगवून निघतात. ऑर्विनचं तसं नव्हतं. त्याने पिकअप काट्यावर घेतला, शेजारी आर्डिसला बसवलं, मागे तिचं श्वासाचं यंत्र, आपली अवजारांची पेटी आणि बिस्किट नावाचा कुत्रा. पट्टीवरच्या आकड्यातून हे सगळं वजा केलं. उरलं तेवढंच ट्रेलरच्या दांड्याने पिकअपच्या शेपटीवर टेकवायचं. दांड्याचं ओझं ट्रेलरच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जरा जास्त असावं लागतं. जास्त झालं तर पिकअप मागे बसतो, पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. कमी झालं तर ट्रेलर गाईच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि घाटाच्या उतारावर पिकअपला घेऊन दरीत जातो. वाटेत राटोनची खिंड आहे. तिथे वाराही असतो आणि उतारही.

त्या हिशोबात बसणारा ट्रेलर कुठे मिळेना. मोठे भारी पडत होते, लहान सगळे उन्हाळ्यातच विकले गेले होते. मक्याची कापणी संपत आली. आर्डिस पुन्हा खुर्चीत झोपायला लागली. मग पोस्टातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. बेरेन्सबाईंकडे लहान ट्रेलर विकायचा होता.

बेरेन्सबाईंचं घर गावापासून लांब, चहूकडे कापलेला मका. आम्ही गेलो त्या दिवशी वारा नव्हता. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडे वारा पडला की माणसं बोलता बोलता थांबतात आणि आकाशाकडे बघतात. शेडच्या बाहेर पवनचक्कीची जुनी पाती भिंतीला टेकून ठेवली होती, तीही करकरत नव्हती.

बाईंनी शेडचं दार सरकवलं. अंड्याच्या आकाराचा, बारीक, पिवळट ट्रेलर. चाकांवर माती नाही. आत टेबलावर दोन कप पालथे घातलेले, रुमाल घडी करून ठेवलेले. मागच्या खिडकीपाशी गादीचा बाक होता आणि गादीला एका जागी खोल खड्डा पडला होता.

“माझ्या नवऱ्याने, क्लेमेंटने घेतला,” बाई म्हणाल्या. “दर नोव्हेंबरला म्हणायचा, वाळवंट बघायला जायचं. कधी गाय अडायची, कधी माझी कंबर, कधी पाऊस. एकदाही निघालो नाही. मग रोज कामं आटपली की इथे येऊन त्या खिडकीशी बसायचा. जेवायला हाक मारली की मुकाट्याने उतरून यायचा. जन्मभर माझं तेवढं एकच ऐकलं त्याने.”

“आणि गेले कुठे? म्हणजे इथेच…?” मी विचारलं.

“छे हो, दवाखान्यात. वसंतात. शेवटी शेवटी विचारत होता, चाकांत हवा आहे ना?” त्या हसल्या. “हवा मी अजून भरते. का ते विचारू नका.”

ऑर्विन आत गेला. चाकाच्या माथ्यावरून, खिडक्यांच्या कडेने, जमिनीवर सगळीकडे पेचकसाने दाबून बघितलं. कुजका भाग असला तर पेचकस आत रुततो. कुठे रुतला नाही. पाण्याची टाकी कोरडी ठक्क. कारखान्याच्या पाटीवरचं वजन आमच्या हिशोबात नेमकं बसत होतं.

“उत्तम आहे, बाई. काट्यावर घेऊन बघतो, मग बोलू.”

“घ्या की. त्यालाही जरा हिंडल्यासारखं होईल.” ट्रेलरला म्हणाल्या की कुणाला, मी विचारलं नाही.

बिस्किट पिकअपमध्ये मागे बसलेला असायचा. ट्रेलर जोडला तसा तो खाली उडी मारून माझ्या गाडीत येऊन बसला आणि सीटखाली डोकं खुपसलं.

ऑर्विन पुढे, मी मागे. निघताना मागच्या खिडकीचा चौकडीचा पडदा मी स्वतः ओढला होता. माझ्याच हाताने, मला आठवतं. गावाकडच्या सरळ रस्त्याला लागलो आणि बघतो तर पडदा अर्धा बाजूला. मनात म्हटलं, हादऱ्याने सरकला असेल. पुढे रेल्वेचं फाटक ओलांडलं, तर पडदा पूर्ण उघडा. हादऱ्याने पडदा सरकतो हे खरं. पण तो दुमडून खिडकीच्या खुंटीला नीट अडकवलेला होता, उजेड यावा म्हणून माणूस अडकवतो तसा.

आणि ट्रेलर हलायला लागला. वारा नाही, रस्ता सपाट, आणि मागचा भाग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कुणीतरी मागे बसून या खिडकीतून त्या खिडकीत बघावं तसा. पिकअपची शेपटी वर उचलली जात होती. ऑर्विनच्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरून ब्रेक दाबला असता आणि शेतात गेला असता. आमच्या ऑर्विनने पाय उचलला, ट्रेलरचे ब्रेक तेवढे हाताने हळू लावले आणि गाडी सावरली. उतरून माझ्याजवळ आला. कपाळाला घाम.

“दादा, मागे काही ठेवलंयस का तू?”

“मी कशाला ठेवू?”

“मग एवढं वजन मागे कसलं?”

कोठारावर गेलो. कापणी उलगडली की काटा गावासाठी उघडाच ठेवतात, आणि चावी तर अजून ऑर्विनकडेच होती. काटा चालू केला, बाहेरच्या फळीवर तांबडे आकडे उजळले. ट्रेलर सोडून एकटा काट्यावर उभा केला. कारखान्याच्या पाटीपेक्षा दोनशे चाळीस पौंड जास्त.

“गाद्या, भांडी,” मी म्हणालो.

सगळं बाहेर काढलं. गाद्या, कप, शेगडीची टाकी, पडद्याच्या दांड्यासुद्धा. काट्याच्या कडेला ढीग लावला. आकडे उतरले, पण काढलं तेवढेच उतरले. हे सामान पाटीच्या वजनात धरलेलंच असतं, त्यामुळे वरचे दोनशे चाळीस तसेच. काटा बिघडला म्हणावं तर पिकअप चढवून बघितला, बरोबर. मी स्वतः चढलो, बरोबर. माझं वजन इथे सांगायची गरज नाही.

मग फक्त पुढचा दांडा काट्यावर टेकवून बघितला. दांड्यावर जेमतेम काही. म्हणजे ओझं होतं मागच्या टोकाला. ऑर्विन आत जाऊन त्या लाकडी बाकापाशी वाकला, खाली हात घातला, मागे हात घातला. बाहेर आला तेव्हा हात तोंडापाशी धरून फुंकर घालत होता.

“गार आहे?”

“तेवढ्याच जागी.”

आमच्या चर्चमध्ये भुताखेतांना जागा नाही आणि मीही असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. पण ऑर्विनचा काटा मी मानतो.

“परत कर,” मी म्हणालो. “आत्ताच्या आत्ता.”

“आणि आर्डिसला काय सांगू?”

हवामानवाले आठवड्याच्या आत बर्फ सांगत होते. दुसरा ट्रेलर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. कोठाराचा माथाही दिसत नव्हता. फक्त त्या फळीवरचे तांबडे आकडे अधांतरी लटकल्यासारखे. बेरेन्सबाईंना ऑर्विनने फोन करून सगळं सांगितलं होतं. मला वाटलं बाई घाबरतील. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, “दोनशे चाळीस? मग शेवटी बारीक झाला होता ते भरून काढलेलं दिसतंय.” आणि म्हणाल्या, “तुम्हीच बोला त्याच्याशी. प्रवासातलं माझं काही ऐकायचा नाही तो. पैशाचं परत आल्यावर बघू.”

ऑर्विन काटेघरात जाऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसला. मी दाराशी उभा. ट्रेलर धुक्यात काट्यावर. गाद्या आम्ही परत लावल्या होत्या. बिस्किट माझ्या दोन पायांच्या मध्ये थरथरत होता. ऑर्विनने खिडकी वर सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि जन्मभर विचारलं तसं, त्याच कोरड्या आवाजात विचारलं,

“आत की बाहेर?”

काही नाही. धुक्यातून पाणी ठिबकत होतं. आकडे जागचे हलले नाहीत.

“क्लेमेंट, तोंडाने सांगायला जमत नसेल तर उतरून दाखव. बाहेर असशील तर आकडा खाली येईल.”

आकडा तसाच. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

“आत,” ऑर्विन म्हणाला आणि मान हलवली. एखाद्या शेतकऱ्याचं ऐकून घ्यावं तशी. “बरं. मग ऐक. मागे बसलास तर राटोनच्या उतारावर तू आम्हाला मारशील. तू आधीच गेलायस, तुझं काही जायचं नाही. पण माझ्या बायकोला श्वास घ्यायचाय. यायचं तर पुढच्या बाकावर बस, दांड्याच्या बाजूला. नाहीतर मी तुला आत्ता शेडमध्ये नेऊन सोडतो, आणि परत कधी कोणी नेणार नाही.”

माझ्या भावाचा मला अभिमान का आहे, ते विचारणाऱ्याने त्या दुपारी तिथे यायला हवं होतं. आवाज चढला नाही की कापला नाही.

ट्रेलर करकरला. एकदा मागे, एकदा मध्ये, चाकांच्या वर, मग पुढे. जड माणूस बोटीत जागा बदलतो तसा. पुढचा दांडा बोटभर खाली बसला. फळीवरचा आकडा एकदा लुकलुकला आणि परत तोच उभा राहिला. बिस्किट ओरडला नाही. त्याने फक्त माझ्या बुटावर मुतून ठेवलं.

ऑर्विन बाहेर आला. दांडा वेगळा मोजला. आता त्याच्यावर हवं तेवढं वजन होतं, अगदी पुस्तकात लिहावं तेवढं. पण आता दुसरा पेच. दांड्यावर वजन वाढलं म्हणजे पिकअपच्या शेपटीवर वाढलं. पट्टीवरच्या आकड्याच्या वर जात होतं.

“काहीतरी उतरवायला लागणार,” तो म्हणाला.

“त्यालाच उतरव.”

“त्याला आत घेतलंय, दादा. आता मोजायलाच लागणार.”

आर्डिसचं यंत्र उतरवता येत नव्हतं. त्याने अवजारांची पेटी उतरवली. वडिलांची पेटी ती, तिच्याशिवाय ऑर्विन चर्चलासुद्धा जात नसे. मग बिस्किटकडे बघितलं. कुत्रा आधीच माझ्या गाडीत जाऊन बसला होता.

आर्डिसपासून त्याने काही लपवलं नाही. ती ऐकून घेत होती, मध्ये मध्ये दम खात. मग म्हणाली, “घोरतो का तो?”

“माहीत नाही.”

“तू घोरतोस. एक जास्तीचा चालेल. पण भाऊजी, त्याला सांगा, माझ्या कपाला हात लावायचा नाही.”

“मी नाही सांगणार,” मी म्हणालो. “तूच सांग.”

ती खरंच ट्रेलरच्या दारात जाऊन सांगून आली.

बर्फाच्या आदल्या सकाळी ते निघाले. मी गावाच्या पाटीपर्यंत त्यांच्या मागे गेलो. ट्रेलर रुळावरून गेल्यासारखा सरळ चालला होता. मागच्या खिडकीचा पडदा बंद होता. पुढची खिडकी मला दिसत नव्हती, आणि बरंच झालं.

राटोनहून फोन आला तो आर्डिसचा. आवाजातच कळलं की काहीतरी होऊन गेलंय.

“भाऊजी, उतारावर एक मोठा ट्रक घासून गेला. वाऱ्याचा असा धपका बसला, ट्रेलरची शेपटी लागली हलायला. ह्यांचा चेहरा पांढरा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काहीच नाही.”

“मग?”

“मग पिकअपच्या मागे कुणीतरी एकदम पुढे रेलल्यासारखं झालं. तुम्ही माझ्या गाडीत बसता ना, ब्रेक लागला की दोन्ही हात पुढे टेकवता? तसं. आणि शेपटी थांबली.” मग म्हणाली, “आम्ही खाली थांबून कॉफी केली. मी तिसरा कप ओतला. माझा नाही, क्लेमेंटचाच जुना कप ठेवला होता टेबलावर.”

“प्यायला का?”

“गार झाली हो. पण आमच्या दोघांची अजून वाफाळत होती.”

सबंध हिवाळा माझ्याकडे बर्फ आणि बिस्किट. आर्डिसचे फोन आठवड्याला. आधी एका वाक्यात दोनदा थांबायची. नाताळानंतर एकदा थांबायची. मग असा दिवस आला की तिने मला न थांबता शिव्या घातल्या, मी कुत्र्याला लठ्ठ केलं म्हणून, आणि मी फोन कानापासून लांब धरून ऐकत राहिलो. आडवी झोपते म्हणाली. सकाळी पुढच्या खिडकीचा पडदा रोज खुंटीला अडकवलेला असतो, त्यातून वाळवंटात ऊन येतं, तेही म्हणाली. ऑर्विन कधी वाटेतल्या काट्यावर ट्रेलर चढवायचा. आकडा तोच. क्लेमेंट उतरला नव्हता.

बर्फ वितळलं तेव्हा ते परत आले. आर्डिस पिकअपमधून उडी मारून उतरली. मी तिचा तोंडावर अपमान केला, म्हणालो, “जाड झालीस.” ती म्हणाली, “ह्यांनी आधीच आकडा सांगितलाय. तुमच्या तोंडून पुन्हा नको.”

घरी जायच्या आधी ऑर्विन कोठारावर गेला. बेरेन्सबाई तिथे येऊन थांबल्या होत्या. फोनवर त्यांना तारीख कळवली होती. चांगला कोट, हातात पर्स. त्या दिवशीही वारा पडलेला होता.

ट्रेलर सोडून काट्यावर उभा केला. तांबडे आकडे लागले. आर्डिसची भांडी सोडून दोनशे चाळीस जास्त. ऑर्विन खिडकीकडे वळला, पण बाईंनी हात वर केला.

“थांब, पोरा.”

त्या ट्रेलरच्या दाराशी गेल्या. दार उघडलं. आत डोकावल्या नाहीत, मान वळवून घराच्या दिशेला बघत उभ्या राहिल्या, रोज शेडच्या दारात उभ्या राहत असतील तशा. आणि रोजच्याच सुरात म्हणाल्या,

“क्लेमेंट, पान वाढलंय. गार होतंय.”

आधी पायरी दबली. लोखंडी पायरी, मी बघितली, दबली आणि सुटून वर आली. काट्याचा पत्रा वाजला. फळीवरचे आकडे वीस-वीसने खाली यायला लागले, कारण तो काटा वीसच्याच टप्प्याने सरकतो. एवढे सावकाश, की म्हातारा माणूस काट्याच्या पत्र्यावरून एक एक पाय टाकत उतरत असावा. शेवटी कारखान्याच्या पाटीवरचं वजन आणि आर्डिसची भांडी, एवढंच राहिलं. बिस्किट गाडीतून उतरला, शेपूट हलवत ट्रेलरमध्ये चढला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

“बघितलं का रे त्याने?” बाईंनी विचारलं. “वाळवंट?”

“रोज सकाळी,” आर्डिस म्हणाली. “पडदा उघडून.”

बाईंनी मान हलवली. ट्रेलरच्या पैशाचं काय ते ऑर्विनशी दोन शब्दांत बोलल्या आणि आपल्या गाडीकडे गेल्या. आधी शेजारच्या सीटचं दार उघडलं, थोडा वेळ धरून उभ्या राहिल्या, मग लावलं. मग वळसा घालून आपल्या बाजूने बसल्या. गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला जरा कललेली होती. जुनी गाडी आहे, स्प्रिंग गेली असेल, असं कुणी म्हणेल. म्हणू देत.

कोठाराच्या आवारातून बाहेर पडायला वाट एकच, काट्यावरून. पिकअपने आम्ही ट्रेलर बाजूला ओढला आणि बाईंची गाडी हळूच काट्यावर चढली. मी फळीकडे वळलो. आकडे विझलेले. ऑर्विनने आतून बटण बंद केलं होतं.

“अरे, बघू तरी दे किती भरतं ते!”

“दुसऱ्याच्या गाडीचं वजन न सांगता बघायचं नसतं, दादा,” तो म्हणाला. गाडी काट्यावरून उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्याने बटणावरचा हात काढला नाही. मग वडिलांची अवजारांची पेटी माझ्या गाडीतून काढून पिकअपमध्ये ठेवली, ट्रेलर जोडला, खिडकीतून डोकं काढलं आणि मला विचारलं,

“आत की बाहेर?”

“आत,” मी म्हणालो, आणि आर्डिसच्या शेजारी चढून बसलो.